सविस्तर वन्सं

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, मोबाइलवर निरोप पाठवायचा असला की आधी चष्मा पुसतात. मग खुर्ची पुढे ओढतात. मग लिहितात. लिहून झालं की ओठ हलवत एकदा वाचतात, आणि मगच पाठवतात. एवढा सरंजाम कशासाठी, तर दूध आणते हे सांगायला. आणि तेही नुसतं ‘दूध आणते’ असं नाही. ‘संध्याकाळी कामावरून येताना मी दूध आणते. एकच पिशवी. तू आणू नकोस. काही कारणाने जमलं नाही तर निघण्याआधी कळवीन.’ लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्या आठवड्यातच मला वाटलं, ही बाई माझ्यावर पाळत ठेवून आहे. नंतर कळलं की त्या सगळ्यांनाच असं लिहितात. शेजारणीला, वाण्याला, दातांच्या डॉक्टरला.

माझं लिहिणं अगदी उलट. मी ‘हो’, ‘बघते’, ‘ये’ यावर संसार चालवणारी बाई. बोटाने काम भागत असेल तर शब्द कशाला, म्हणून नुसता अंगठा पाठवून मोकळी. त्यावर वन्संचा लगेच फोन यायचा. “अगं, अंगठा कशाला? येतेस म्हणून की नुसतं वाचलंस म्हणून?” माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी नवऱ्याला म्हणायचे, तुमच्या ताईला शाळेत मास्तरीण करायचं सोडून लिफ्टच्या धंद्यात कुणी आणलं?

ही सवय त्यांना जन्मापासूनची नाही. ती कुठून आली ते मला सासूबाईंनी सांगितलं. वन्संचे यजमान मालवाहू जहाजावर असतात, सहा-सहा महिने घरी नाहीत, म्हणून वन्सं माहेरीच राहतात. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांचा निरोप आला, ‘घाबरू नकोस, पण’. एवढाच. ‘पण’च्या पुढे काही नाही. तुकड्या-तुकड्यांनी लिहायची त्यांची पद्धत, आणि पुढचा तुकडा पाठवायच्या आत जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं, नेटवर्क गेलं. वन्संच्या तोंडचं पाणी पळालं. त्या जेवेनात, झोपेनात, फोन हातातून खाली ठेवेनात. जहाज बुडालं इथपासून माणसाचा हात यंत्रात गेला इथपर्यंत सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. दोन-तीन दिवसांनी उरलेला निरोप पोचला. ‘माझी बॅग बंदरावर हरवली. नवी घेतली आहे.’

घरात सगळे हसून लोळले. आजही हा किस्सा निघाला की हसतात. वन्सं तेव्हा हसल्या नव्हत्या. सासूबाईंना एवढंच म्हणाल्या, “आई, तुम्हाला बॅग दिसते. मी त्या दोन दिवसांत विधवा होऊन परत आले.”

तेव्हापासून त्यांचे नियम ठरले. जे सांगायचं ते एका निरोपात पुरं सांगायचं. वाईट बातमी असेल तर आधी कोण सुखरूप आहे ते लिहायचं, मग काय झालं ते. आणि पाठवण्याआधी एकदा वाचायचं. पण आपल्या डोळ्यांनी नाही, ज्याला पाठवतोय त्याच्या डोळ्यांनी. हे शेवटचं मला फार दिवस कळलंच नाही. दुसऱ्याचे डोळे आणायचे कुठून?

आम्ही तिघं एकाच ठिकाणी कामाला. लिफ्ट दुरुस्त करणारी छोटी कंपनी. आमचं ऑफिस एका जुन्या व्यापारी इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून. दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा, भिंतीला टेकवलेले जुने दरवाजे, खोक्यांत भरलेली चाकं आणि पट्ट्या, आणि सगळ्यावर ग्रीसचा वास. घरी जाऊन साबणाने हात घासले तरी तो वास बोटांना राहतो. एका टेबलाशी मी, सामान देण्या-घेण्याचं बघते. दुसऱ्या टेबलाशी वन्सं, त्या लोकांच्या तक्रारी घेतात आणि कुठला मिस्त्री कुठे जाणार ते ठरवतात. माझा नवरा मिस्त्री. सकाळी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून बाहेर पडतो आणि कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या पोटात शिरतो.

लिफ्टच्या कामातली एक गोष्ट आधी सांगायला हवी. लिफ्ट जिथे खाली येऊन थांबते त्याच्याही खाली एक खड्डा असतो. दुरुस्तीसाठी माणसाला त्यात उतरावं लागतं. तिथे भिंतीवर एक लाल बटण असतं. ते दाबून ठेवलं की वरून कुणी काहीही केलं तरी लिफ्ट हलत नाही. म्हणजे खड्ड्यातल्या माणसाचा जीव त्या बटणावर. शिवाय गच्चीवर मशीनची खोली असते, तिथे एक जोडीदार मेन स्विच बंद करून उभा राहतो. आणि खड्ड्यात मोबाइलला रेंज नसते. माणूस खाली उतरला की जगाला हरवला.

म्हणून वन्संनी कामाच्या ग्रुपवर सगळ्यांना एक शिस्त लावायचा प्रयत्न केला होता. उतरण्याआधी लिहायचं, कुठली इमारत, कुठली लिफ्ट, काय करणार, वर कोण आहे. बाहेर आल्यावर लिहायचं, ‘वर आलो.’ त्याशिवाय कुणी स्विच चालू करायचा नाही. मिस्त्री मंडळींनी थोडे दिवस ऐकलं, मग कंटाळले. ग्रीसने बरबटलेल्या बोटांनी एवढं लिहायचं म्हणजे नाकी नऊ येतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी वन्संचं नाव ‘सविस्तर’ ठेवलं. “आज सविस्तर कुठे दिसत नाहीत?” असं माझ्यासमोर विचारायचे आणि मीही हसायचे.

नंतर नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण दहा ठिकाणी एकदम असायचा. त्यांनी ग्रुपवर टाकलं, ‘सर्वांनी थोडक्यात लिहा. लांब मेसेज वाचायला वेळ नसतो.’ त्यावर सगळ्यांचे अंगठे पडले. वन्सं भावाला घरी जेवताना म्हणाल्या, “ग्रुपवर काय करायचं ते कर. मला मात्र वेगळं लिहायचं. पुरं लिहायचं.” तो म्हणाला, “ताई, तू म्हणजे ना…” पण लिहायला लागला. बहिणीच्या धाकाने म्हणा किंवा मायेने म्हणा, तो एकटा त्यांना रोज पुरं लिहायचा.

त्या दिवशी दुपार होत आली होती. एका मोठ्या राहत्या इमारतीत दोन लिफ्ट शेजारी-शेजारी. उजवीकडचीचा दरवाजा अडकत होता, डावीकडचीच्या खड्ड्यात पाणी मुरून लाल बटण गंजलं होतं. नवरा आणि त्याचा जोडीदार, ज्याला सगळे जिराफ म्हणतात कारण तो दारातून वाकून येतो, दोघं सकाळीच गेले होते. उजवीकडची दुरुस्त झाली. मग वन्संच्या मोबाइलवर नवऱ्याचा निरोप आला, ‘ताई, आता डावीकडच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरतोय. जुनं बटण काढून नवं बसवणार. तोपर्यंत बटण नसल्यासारखंच. वर जिराफ आहे, स्विच बंद आहे. वर आलो की कळवतो.’ वन्संनी तो वाचला आणि ‘ठीक आहे. तुझ्या “वर आलो”ची वाट बघते’ असं उत्तर टाकलं. ते वाचण्याआधीच तो बहुधा खाली गेलाही होता.

मी चाकं मोजून खोक्यात भरत होते. वन्सं एकदम म्हणाल्या, “अगं, इकडे ये.”

त्यांचा आवाज नेहमीचाच होता, पण त्या कधी मध्येच हाक मारत नाहीत. मी गेले. त्यांनी ग्रुप पुढे धरला. आधी कुठल्या तरी दुसऱ्या इमारतीतल्या मिस्त्रीने विचारलं होतं, ‘साहेब, जेवायला जाऊ का?’ लगेच त्याच्याखाली जिराफचं, ‘झालं ना? चालू करू का?’ आणि त्याच्याखाली साहेबांचा अंगठा. त्याच्याखाली पुन्हा जिराफ, ‘ओके. मशीनचं झाकण बसवतो नि करतो चालू.’

“झालं की मग,” मी म्हटलं. “बसलं वाटतं बटण.”

“तो वर आला असं त्याने लिहिलेलं नाही.”

“विसरले असतील.”

“तो विसरत नाही,” वन्सं म्हणाल्या. “आणि हा अंगठा कशाला आहे? जेवणाला की लिफ्टला?”

मी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. वन्संनी तोवर साहेबांना फोन लावला होता. पलीकडून गाडीचा आवाज येत होता. वन्संनी एकच प्रश्न विचारला, तुम्ही लिफ्ट चालू करायला सांगितलंत का? साहेबांचं उत्तर मला इथपर्यंत ऐकू आलं. “मी? मी जेवायला जा म्हटलं! जिराफचं मी वाचलंच नाही अजून!” मग त्यांचाही आवाज बदलला. “थांबा, मी त्याला लावतो फोन.”

मी नवऱ्याला फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. तीच बाई, तोच गोड आवाज. मला त्या आवाजाचा गळा दाबावासा वाटला. जिराफला लावला, नुसती रिंग. झाकण बसवताना दोन्ही हात गुंतलेले, शेजारी उजवीकडच्या लिफ्टचं मशीन घरघरत असणार, त्याला काय ऐकू येणार? ग्रुपवर मी लिहिलं, थांबा, मग थांब, मग नको. काय लिहिलं ते मलाच धड आठवत नाही. साहेबही टाकत होते. कुणी वाचत नव्हतं. वन्संनी ते बघितलं आणि आपला मोबाइल समोर धरला.

“रखवालदार काका,” त्या म्हणाल्या.

त्या इमारतीच्या रखवालदाराला ऐकू कमी येतं. फोन उचलतात, पण “हॅलो हॅलो, मेसेज करा” म्हणून ठेवून देतात. त्यांच्या तक्रारी नेहमी लिहूनच यायच्या. मेसेज मात्र ते लगेच बघतात, दिवसभर फोन समोर घेऊनच बसलेले. तळमजल्यावर त्यांची खुर्ची आणि दहा पावलांवर मीटरची खोली. तिथून दोन्ही लिफ्टची वीज तोडता येते.

वन्संनी चष्मा पुसला.

देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला त्यांचा जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नाही. माझा नवरा लोखंडाच्या खाली उभा आहे आणि ही बाई काच पुसते आहे! मी ओरडले, “अहो लिहा! लवकर लिहा काहीतरी!” आणि त्यांची वाट न बघता मी माझ्या मोबाइलवर टाइप करायला लागले, ‘वाचवा माणूस अडकलाय लिफ्टखाली मरेल’. पाठवायला बोट नेलं तोच वन्संनी माझा मोबाइल हाताने झाकला.

“नको.”

“नको काय? सोडा माझा फोन!”

“अगं, हे वाचून ते काय करतील? आधी लिफ्टपाशी धावतील. दार उघडून वाकून बघतील. हाका मारतील, लोक गोळा करतील. घाबरलेला माणूस आधी बघायला जातो.” त्या बोलत होत्या आणि दुसऱ्या हाताने लिहीत होत्या. “आपली भीती आपल्याकडे ठेवायची. त्यांना नुसतं काम द्यायचं.”

मी त्यांच्या खांद्यामागे उभी राहून ते अक्षर-अक्षर उमटताना बघत होते. त्यांचं बोट मला इतकं सावकाश चाललेलं दिसत होतं की मी ओठ चावला होता. त्यांनी लिहिलं,

‘काका, आत्ता लगेच मीटरच्या खोलीत जा. समोरच्या भिंतीवर लिफ्टचे दोन मोठे स्विच आहेत. दोन्ही खाली ओढा. आणि तिथेच दारात उभे राहा. मी लिहीपर्यंत कुणालाही ते वर करू देऊ नका, आमचा माणूस सांगत आला तरी नाही. त्याला हा मेसेज दाखवा. डावीकडच्या लिफ्टच्या खड्ड्यात आमचा मिस्त्री काम करतो आहे. ओढलेत की मला “ओढले” असं लिहा.’

आणि मग त्यांनी ते वाचलं. ओठ हलवत. पहिल्या शब्दापासून. मी त्यांचा खांदा इतका गच्च धरला की नंतर तिथे वळ उठले होते. वाचताना त्या एका जागी थांबल्या. आधी तिथे ‘दोन स्विच’ असं होतं. त्यांनी मागे जाऊन ‘लिफ्टचे’ आणि ‘मोठे’ हे दोन शब्द घातले. त्या भिंतीवर पाण्याच्या पंपाचेही दोन आहेत, लहान. मग पाठवलं.

एक खूण आली. मग दोन. मग त्या दोन्ही निळ्या झाल्या.

त्यानंतर काहीच नाही. पंखा कुरकुरत होता. वन्संचा श्वास मला ऐकू येत होता आणि माझा माझा येत नव्हता. मी मनात जे येईल ते बोलत होते, बहुतेक मोठ्यानेच. तो सकाळी निघताना मी त्याच्याशी काय बोलले ते आठवायचा प्रयत्न करत होते आणि आठवत होतं ते एवढंच, की ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून मी त्याला झापलं होतं. काका लिहीत आहेत, असं वर दिसलं. मग ते गेलं. मग पुन्हा दिसलं. माणूस चार अक्षरं लिहायला इतका वेळ घेतो? माझा जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला त्या वेळी कळलं, आणि पुन्हा कळायला नको.

‘ओढले. दारात उभा आहे.’

वन्संनी डोळे मिटले, पण फोन सोडला नाही.

पुढचं आम्हाला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. जिराफने झाकण बसवून मेन स्विच वर केला होता. त्याच वेळी तळमजल्यावर कुणीतरी लिफ्ट बोलवायचं बटण दाबलं, आणि डावीकडची लिफ्ट, रिकामी, वरच्या मजल्यावरून निघाली. माझा नवरा खड्ड्यात लहान शिडीवर उभा होता, हातात नव्या बटणाच्या तारा. डोक्यावर काहीतरी खट्कन वाजलं आणि अंधार खाली यायला लागला, एवढंच तो सांगतो. तो शिडीवरून पडला की त्याने उडी टाकली, ते त्यालाही माहीत नाही. ती लिफ्ट पहिला मजला ओलांडताना मेल्यासारखी थांबली.

पण तेवढ्यावर संपलं नाही. वीज गेली म्हटल्यावर जिराफला वाटलं, खालचा स्विच पडला असणार. तो जिन्याने तीन-तीन पायऱ्या उतरत आला आणि सरळ मीटरच्या खोलीत शिरायला लागला. काका दारात आडवे. हा म्हणतो, बाजूला व्हा, मी कंपनीचा माणूस आहे. काकांना निम्मं ऐकू येत नाही, आणि आलं असतं तरी ते हलले नसते. त्यांनी एक हात दाराला लावला आणि दुसऱ्याने मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. जिराफने वाचलं. ‘आमचा माणूस सांगत आला तरी नाही.’ पुढची ओळ वाचून तो तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. एवढा उंच माणूस, काका म्हणाले, एकदम घडी करून ठेवल्यासारखा झाला.

नवऱ्याला दोघांनी मिळून वर काढलं. गुडघा सोलला होता आणि मनगट सुजलं होतं. बाकी काही नाही. आधी वन्संच्या मोबाइलवर काकांचा निरोप आला, ‘तुमचा मिस्त्री बाहेर आला. बोलतो आहे. पाणी पितो आहे.’ मी मटकन खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखी रडले. वन्संनी काकांना लिहिलं, ‘काका, तुमचे उपकार फेडता येणार नाहीत. स्विच तसेच राहू द्या. मी स्वतः येते आहे.’ तेही वाचून मगच पाठवलं.

संध्याकाळी साहेब घरी आले. चहा समोर ठेवला तो गार झाला तरी कपाला हात लावला नाही त्यांनी. “मी गाडीत होतो, सिग्नलला,” ते म्हणाले, “वरचं वाचलं, बोट लावलं.” नवरा म्हणाला, “जाऊ द्या साहेब.” मला काही ‘जाऊ द्या’ म्हणता येईना. मी उठून आत गेले. वन्सं साहेबांजवळ बसून राहिल्या. त्यांच्याकडून त्यांनी एकच गोष्ट मागून घेतली. यापुढे ऑफिसमधून पुरा लिहिलेला निरोप गेल्याशिवाय कुठलाही स्विच वर होणार नाही.

दुसऱ्या दिवशी ते बटण तसंच अर्धवट होतं. कुणीतरी पुन्हा त्याच खड्ड्यात उतरायला हवं होतं. माझं म्हणणं, दुसऱ्याला पाठवा. नवरा म्हणाला, “आज उतरलो नाही तर पुन्हा कधी उतरणार नाही,” आणि मनगटाला पट्टी बांधून गेला. मी त्याच्याशी भांडले, दाराशी उभी राहून भांडले. मग त्याची हत्यारांची पिशवी मीच उचलून दिली.

ऑफिसात वन्सं खुर्चीत सरळ बसल्या होत्या. त्याचा निरोप आला, उतरतोय म्हणून, पुरा. त्यानंतर आम्ही दोघींनी काही काम केलं नाही. मी मध्येच म्हटलं, “वन्सं, तुम्हाला काल भीती नाही वाटली? माझी तर पाचावर धारण बसली होती.”

“मला?” त्या म्हणाल्या. “अगं, मला रोज वाटते. यजमान जहाजावर आहेत तोवर वाटते, हा खाली आहे तोवर वाटते, तू रस्ता ओलांडतेस तोवर वाटते. तुम्हाला वाटतं मला लिहायची हौस आहे. मी भित्री आहे गं. भिते म्हणून लिहिते.”

इतकी वर्षं जिला मी मास्तरीण म्हणत होते ती घरातली सगळ्यात घाबरट बाई होती, आणि ती भीती तिने आमच्यापैकी कुणाच्या अंगावर कधी टाकली नव्हती.

तेवढ्यात मोबाइल वाजला. जिराफचा निरोप होता, ‘बटण बसवून झालं असं खालून सांगितलं आहे. डावीकडची लिफ्ट चालू करू का? तुम्ही लिहीपर्यंत स्विचला हात लावत नाही.’

वन्संनी मोबाइल उचलला आणि परत टेबलावर ठेवला. त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. ते थरथरत होते, अगदी बोटांच्या टोकांपर्यंत. काल ज्या हातांनी चष्मा पुसला तेच हात.

“आज मला जमत नाही,” त्या म्हणाल्या. “तू लिही.”

“मी? नको वन्सं. मला नाही येत असलं काही.”

“तूच लिही. मी बघते.”

मी त्यांच्या खुर्चीत बसले. ‘हो’ लिहिलं. लगेच पुसलं. मग ‘हो, डावीकडची चालू करा’ लिहिलं आणि वाचलं. पुन्हा वाचलं. या वेळी गच्चीवरच्या त्या खोलीत वाकून उभा असलेला जिराफ डोळ्यांसमोर आणला, स्विचजवळ हात, आणि हे त्याच्या डोळ्यांनी वाचलं. तेव्हा कळलं, की खालून सांगितलं म्हणजे कुणी सांगितलं ते मलाच माहीत नाही. मी सगळं पुसलं आणि लिहिलं, ‘अजून चालू करू नका. ताईंच्या मोबाइलवरून मी, त्यांची भावजय, लिहिते आहे. खड्ड्यात कोण उतरलं होतं आणि तो आत्ता कुठे आहे, ते त्याला स्वतःला याच नंबरवर लिहायला सांगा. ते वाचल्यावर मी कळवते.’ वन्संनी मान हलवली. मी पाठवलं.

आम्ही दोघी मोबाइलच्या काचेकडे बघत बसलो. त्यांचा हात माझ्या हातात होता, की माझा त्यांच्या, कोण जाणे.

मग आलं. ‘मी उतरलो होतो. तुझा नवरा. आता बाहेर आहे, तळमजल्यावर, काकांच्या खुर्चीत बसलोय. खड्डा रिकामा, दार बंद. दोन्ही पाय, दोन्ही हात, डोकं, सगळं वर आलं आहे. रडू नकोस.’

मी रडतच होते. डोळे पुसले, कारण अक्षरं नीट दिसत नव्हती. मग लिहिलं, ‘मिस्त्री बाहेर आहे, त्याने स्वतः कळवलं आहे. डावीकडची लिफ्ट चालू करा.’ ते शेवटपर्यंत वाचलं आणि पाठवलं.